वंशावळ तीन संगणकांवर, कागद दहा फोल्डरांत: घडी कशी बसवावी?

पारंबी

नमस्कार मंडळी,

बाबांची एक दोनशे पानी वही होती. पहिल्या पानावर मूळ पुरुषाचं नाव, खाली रेघा, रेघांच्या टोकाला मुलगे. मुलींची नावं समासात, बारीक अक्षरात. बाबा गेल्यावर ती वही मी ग्रॅम्प्समध्ये (वंशवृक्षाचं मोफत सॉफ्टवेअर) भरायला घेतली आणि समासातल्या लेकी झाडात आणल्या. आज झाडात ११४० माणसं आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावातून निघालेल्या चार घरांची ही वंशावळ.

काम तीन ठिकाणी चालतं. पुण्यात घरचा डेस्कटॉप (विंडोज), माझा लॅपटॉप (लिनक्स, लेकाने बसवून दिलेलं), आणि नागपूरला दादाचा लॅपटॉप (पुन्हा विंडोज). अमेरिकेतली चुलत बहीणही माहिती जमवते, पण ती रूट्समॅजिक हे दुसरं सॉफ्टवेअर वापरते.

तिघांकडे एकच झाड दिसावं म्हणून मी ग्रॅम्प्सचा अख्खा डेटाबेस एका क्लाउड सेवेच्या फोल्डरात ठेवला होता. वर्षभर सुरळीत चाललं. फेब्रुवारीत मी गावी आत्याकडे तीन दिवस राहिले. आत्या ८८ वर्षांची. तिच्या आजीच्या, म्हणजे माझ्या पणजीच्या, माहेरची नावं तिने ओसरीवर बसून एकेक करून सांगितली आणि मी ती तिथल्या तिथे लॅपटॉपवर भरली. गावात नेट नव्हतं. त्याच आठवड्यात दादा पुण्याला आला होता आणि डेस्कटॉपवर बसून सातबारा आणि फेरफार पाहून नावं भरत होता. मी परत आले, लॅपटॉप नेटला जोडला, आणि बहुधा तेव्हाच एका प्रतीवर दुसरी प्रत बसली. मला कळलं मे महिन्यात. पणजीच्या माहेरची सात नावं झाडात नाहीत. आत्याला आता फोनवर ऐकू येत नाही, आणि फेब्रुवारीत जेवढं आठवलं तेवढं तिला पुन्हा आठवेल याची खात्री मला नाही.

कागदांची अवस्था वेगळीच. आडनाव, मग शाखा, मग माणूस असे फोल्डर केले होते. पण आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. विष्णू गणेश, त्याचा मुलगा गणेश विष्णू, त्याचा मुलगा पुन्हा विष्णू गणेश. ‘विष्णू गणेश’ नावाचे चार फोल्डर झाले आहेत. बाईमाणसाचा कागद माहेरच्या फोल्डरात ठेवावा की सासरच्या? मी दोन्हीकडे ठेवत गेले. एका वारस फेरफारावर सात जणांची नावं आहेत, त्याच्या सात प्रती झाल्या. त्यात डेस्कटॉपवर जोडलेले फोटो लॅपटॉपवर दिसत नाहीत, नुसता रिकामा चौकोन येतो.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. सात नावं परत मिळण्याचा काही मार्ग असेल तर तो आधी.

---

टर्मिनलवाला

पारंबीताई, आधी सात नावांचं बघू. तिन्ही मशीनवर ग्रॅम्प्स बंद करा, क्लाउडचं सिंक थांबवा आणि डेटाबेसच्या फोल्डरची जशीच्या तशी एक प्रत पेन ड्राइव्हवर काढा. पुढचं सगळं त्या प्रतीवर करायचं, मूळ फोल्डरला हात लावायचा नाही.

ग्रॅम्प्स प्रत्येक झाडासाठी आकडे-अक्षरं मिसळलेल्या विचित्र नावाचा एक फोल्डर करतं. त्यात नाव सांगणारी एक छोटी मजकूर-फाइल असते आणि खरा ऐवज एसक्यूलाइट या डेटाबेस-प्रकारच्या एकाच फाइलमध्ये असतो. दोन मशीनवर ही फाइल वेगवेगळी बदलली की सिंक करणारी सेवा त्यातली एक ठेवते. दुसरी मात्र बहुतेक सेवा फेकत नाहीत, नावात ‘कॉन्फ्लिक्ट’ असा शब्द किंवा त्या संगणकाचं नाव जोडून शेजारी ठेवतात. ग्रॅम्प्सला त्या नावाची फाइल माहीत नसते म्हणून ते ती उघडत नाही. तुमची फेब्रुवारी तिथे असण्याची बरीच शक्यता आहे. क्लाउडच्या वेबपानावर फाइलच्या जुन्या आवृत्त्याही बघा. त्या ठरावीक दिवसच ठेवतात, म्हणून आजच बघा.

अशी फाइल सापडली तर झाडाच्या फोल्डरची आणखी एक प्रत करा, तिच्यात या फाइलला मूळ नाव द्या आणि वेगळं झाड म्हणून उघडा.

उघडलं की लगेच आयात करून दोन्ही झाडं एकत्र करायला जाऊ नका, त्याने माणसं दुबार होतात आणि मग ती निस्तरण्यात महिना जातो. व्यक्तींच्या यादीवर फिल्टर लावता येतो: अमुक तारखेनंतर बदललेल्या व्यक्ती. फेब्रुवारीची पहिली तारीख द्या. जी यादी येईल ती छापा आणि हाताने मुख्य झाडात भरा. वीस-चाळीस जण असतील. एका रविवारचं काम.

आता रोगाचं मूळ. चालू डेटाबेस सिंक फोल्डरात कधीही ठेवू नये. एसक्यूलाइटची फाइल उघडी असताना तिच्यात सारखं काहीतरी लिहिलं जात असतं आणि सिंक करणारा प्रोग्रॅम ती अर्धवट लिहिलेल्या अवस्थेतही उचलतो. तुमचं झाड नुसतं मागच्या तारखेला गेलं, फाइल खराब झाली नाही, हे चांगलं झालं.

---

उंबरठा

वाचनखूण साठवली. माझीही अवस्था हीच आहे. एक शंका: मग तीन मशीनवर न्यायचं कसं? दरवेळी पेन ड्राइव्ह?

---

टर्मिनलवाला

@उंबरठा, डेटाबेस प्रत्येक मशीनवर आपापल्या जागी, ग्रॅम्प्सने ठरवलेल्या ठिकाणी राहू द्या. विंडोजवर ते ठिकाण लपवलेल्या फोल्डरात असतं, ‘झाडांचं व्यवस्थापन’ या खिडकीत माहितीचं बटण दाबलं की पूर्ण पत्ता दिसतो. फिरवायची ती निर्यात केलेली प्रत, ग्रॅम्प्सची स्वतःची एक्सएमएल फाइल. ११४० माणसांच्या झाडाची अशी फाइल दाबून भरलेली असल्यामुळे जेमतेम एक एमबीची होईल. ती सिंक फोल्डरात ठेवायला हरकत नाही, कारण ती एकदा लिहिली की कुणी बदलत नाही. दुसऱ्या मशीनवर दरवेळी नवं रिकामं झाड करायचं आणि त्यात ती आयात करायची. रिकाम्या झाडात आयात केली की व्यक्तींचे क्रमांक, स्रोत, टिपणं सगळं तसंच येतं. भरलेल्या झाडावर आयात केली की दुबार.

फाइलच्या नावात तारीख उलटी घाला: वर्ष, महिना, दिवस. म्हणजे फोल्डर उघडला की सगळ्यात ताजी प्रत कायम शेवटी दिसते.

आणखी एक. तिन्ही मशीनवर ग्रॅम्प्सची आवृत्ती एकच ठेवा. मोठ्या आवृत्तीबदलात नव्या ग्रॅम्प्सने डेटाबेस अद्ययावत केला की जुन्या ग्रॅम्प्सला तो वाचता येत नाही. दादांना कळवून एकाच दिवशी तिघांनी बदलायचं.

रिकामे चौकोन: ग्रॅम्प्स फोटो पोटात घेत नाही, नुसता पत्ता लिहून ठेवतं. तुमच्या झाडात तो पत्ता ‘डी ड्राइव्ह, अमुक फोल्डर’ असा पूर्ण लिहिला गेला असणार. लिनक्सवर डी ड्राइव्ह नावाची गोष्टच नाही. प्राधान्यांमध्ये चित्रांचा आधार-फोल्डर (जिथून पुढचे पत्ते मोजायचे तो) सांगायची सोय आहे. प्रत्येक मशीनवर तो एकदा सांगा, आणि साधनांमधल्या मीडिया मॅनेजरने सगळे पूर्ण पत्ते सापेक्ष करून टाका. मग झाड फक्त ‘कागद, तिसरा फोल्डर, अमुक फाइल’ एवढंच लक्षात ठेवतं. नवी प्रत आयात केल्यावर आधार-फोल्डर बरोबर आहे ना ते एकदा तपासत जा.

---

मोडीवाचक

मी दप्तरखान्यात बसणारा माणूस. संगणकाचं वरच्या मंडळींनी सांगितलंच आहे, मी कागदाचं सांगतो.

माणसाप्रमाणे फोल्डर करणं हीच मूळ चूक आहे. कागद माणसाचा नसतो, तो ज्या दप्तरात जन्मला त्या दप्तराचा असतो. वारस फेरफार हा तलाठी दप्तरातला कागद. त्यावर सात नावं असोत की सतरा, त्याची जागा एकच: गाव, मग नमुना, मग नोंद क्रमांक. ‘या कागदावर कोण कोण आहे’ हे सांगायचं काम सॉफ्टवेअरचं. ग्रॅम्प्समध्ये एक स्रोत करा, त्याला एक प्रतिमा जोडा, आणि सातही माणसांना त्या स्रोताचा दाखला द्या. विष्णू गणेश चार असले तरी मग अडत नाही, कारण प्रत्येकाला सॉफ्टवेअरने वेगळा क्रमांक दिलेला असतो. माहेर-सासरचा प्रश्नही उरत नाही. बाईची लग्नपत्रिका घरातल्या कागदांत, आणि सॉफ्टवेअरमध्ये ती बाई दोन्ही घरांना जोडलेली.

माझे फोल्डर असे आहेत:

०१ घरातले कागद (वह्या, पत्रं, पत्रिका, लग्नपत्रिका)
०२ तलाठी आणि भूमी अभिलेख (सातबारा, आठ-अ, फेरफार)
०३ जन्म-मृत्यू (कोतवाल बुक, नगरपालिकेचे दाखले)
०४ शाळा (जनरल रजिस्टरचे उतारे, शाळा सोडल्याचे दाखले)
०५ क्षेत्रोपाध्यायांची बाडं (तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांच्या वह्या)
०६ फोटो
०७ तोंडी (आवाजाच्या फाइली आणि त्यांची टिपणं)
९९ लागायचं आहे

शेवटचा फोल्डर महत्त्वाचा. घाईत आलेला कागद तिथे पडतो आणि महिन्याच्या शेवटी मी तो रिकामा करतो. तो नसेल तर कागद डेस्कटॉपच्या पडद्यावर पडतात आणि तिथेच राहतात.

प्रत्येक कागदाला येईल तसा अनुक्रमांक द्या. ४१७ म्हणजे ४१७, मग तो कुणाचाही असो. पुढची बाजू ‘अ’, मागची ‘ब’. तोच आकडा मऊ पेन्सिलीने मूळ कागदाच्या पाठीवर कोपऱ्यात. शाईने कधी लिहू नका, आणि स्टेपल असेल तर जपून काढा, ती गंजते आणि कागद खाते.

आणि मागची बाजू कोरी वाटली तरी स्कॅन कराच. आमच्या घरच्या एका फोटोमागे स्टुडिओचा शिक्का आहे आणि त्याखाली पेन्सिलीने ‘चि. कुसुमच्या मुंजीआधी’ असं काहीतरी पुसट लिहिलेलं आहे. ते ‘कुसुमच्या’ नसून ‘कुसुमाकरच्या’ होतं हे मोठं करून पाहिल्यावर कळलं. तोवर वीस वर्षं आम्ही त्या फोटोतला मुलगा कोण ते विचारत होतो.

तारखेबद्दल. मोडी कागदावर शके असतो. फाइलच्या नावात आणि टिपणात मूळ तिथी जशी आहे तशी लिहा, इसवी सन वेगळा लिहा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषातल्या काही तिथी आणि माघ-फाल्गुन पुढच्या इसवी वर्षात पडतात, तिथे ७९ मिळवावे लागतात. शके १८२३ चा चैत्र म्हणजे १९०१, पण शके १८२३ चा माघ म्हणजे १९०२. ग्रॅम्प्समध्ये हिब्रू, इस्लामी, फारसी अशी कॅलेंडरं आहेत, शक नाही. म्हणून मूळ तिथी मजकूर म्हणून ठेवायची. ती गाळून नुसता इसवी सन लिहिलात तर पुढच्या माणसाला तुमचं गणित तपासता येणार नाही.

---

परसदार

मोडीवाचक काकांशी पूर्ण सहमत. माझा अनुभव वेगळ्या बाजूचा आहे, म्हणून लिहितो.

मी लातूर जिल्ह्यातला. आमच्या घरात वही नव्हती, पत्रिका नव्हत्या. वंशावळ काढायची वेळ आली ती पुतणीच्या जात पडताळणीसाठी. आम्ही ओबीसीत येतो, आणि आमच्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, पणजोबांची कोतवाल बुकातली नोंद, एवढ्यावर सगळं उभं राहिलं. हैदराबाद संस्थानातले कागद, त्यामुळे वर्षं फसली सनात (तिथली महसुली कालगणना). इसवी सन काढायला त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात.

पुतणीचं झालं, मग चुलत भावाच्या मुलाचं आलं, मग आत्तेकडून फोन. दरवेळी तेच कागद शोधायचे. म्हणून मी दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, मूळ स्कॅनला हात लावायचा नाही. ते ३०० डीपीआयने, पुसट असतील तर ६०० ने, आणि फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेवायची. कुणाला द्यायचं असेल तर त्याची प्रत काढून ‘दिलेले’ नावाच्या फोल्डरात, कुणाला कधी दिलं त्या नावाने. पूर्वी मी मूळ फाइलच फिरवून, कापून, उजळ करून पाठवायचो. एका नोंदीचा कडेचा शेरा त्यात कायमचा कापला गेला आणि मला पुन्हा तहसीलला खेटे घालावे लागले.

दोन, व्हॉट्सॅपवर आलेला फोटो हा पुरावा नव्हे. त्यात चित्र दाबलं जातं, फोटो कधी काढला ती आतली माहिती जाते, आणि नाव बदलून तारीख आणि ‘डब्ल्यूए’ असं काहीतरी होतं. नातेवाइकांना सांगा की डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मी प्रत्येकाला फोनवर बसून एकदा शिकवलं. आता बरेच जण नीट पाठवतात.

आणि हात जोडून विनंती: हयात माणसांची आधार कार्डं, दाखले या सामायिक फोल्डरात ठेवू नका. झाड बाहेर देताना हयात व्यक्ती आणि खाजगी अशी खूण केलेल्या नोंदी वगळायची सोय निर्यातीत आहे. दत्तक, दुसरं लग्न, आजार, असं काही नोंदवलं असेल तर त्यावर आधीच खाजगीची खूण करा.

---

अटकेपार

मी कॅलिफोर्नियात असते. पारंबीताईंच्या बहिणीसारखीच माझी अडचण होती, मी एक सॉफ्टवेअर आणि पुण्यातला दीर दुसरं. आम्ही जेडकॉम फाइलने (वंशावळीच्या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणारा सामायिक प्रकार) देवाणघेवाण करायचो. पहिल्यांदा त्याने पाठवली तेव्हा प्रत्येक नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ आली. ८०० माणसं, सगळी प्रश्नचिन्हं. त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरने निर्यात करताना अक्षरांचा जुना संच वापरला होता, ज्यात देवनागरी बसतच नाही. निर्यातीच्या खिडकीत यूटीएफ-८ हा देवनागरी मावणारा संच निवडल्यावर सगळं नीट आलं. फाइल नोटपॅडमध्ये उघडली की वरच्या काही ओळींतच कोणता संच वापरलाय ते लिहिलेलं असतं. पाठवण्याआधी तेवढं बघायचं.

दुसरं म्हणजे नेहमीच्या जेडकॉमबरोबर फोटो येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात. २०२१ मध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीत चित्रांसकट गाठोडं बांधायची सोय आहे, पण ती दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरला कळली पाहिजे. आम्ही अजून ५.५.१ वरच आहोत.

एक सुचवू का? सगळ्यांनी एकाच झाडावर ब्राउझरमधून काम करायचं असेल तर ग्रॅम्प्स वेब आहे. आपल्या सर्व्हरवर बसवायचं, प्रत्येकाला खातं द्यायचं, कुणाला नुसतं बघता येईल, कुणाला बदलता येईल ते ठरवायचं. फाइली फिरवायचा प्रश्नच मिटतो.

---

टर्मिनलवाला

ग्रॅम्प्स वेब उत्तम आहे, मी स्वतः चालवतो. पण ते बसवणं एक दिवसाचं आणि सांभाळणं कायमचं काम आहे. सर्व्हरचे अपडेट, बॅकअप, पासवर्ड विसरलेल्या मामांचे फोन. घरात हे हौसेने करणारा कुणी असेल तरच. आणि गावात नेट नाही तिथे आत्याच्या ओसरीवर ब्राउझर उघडणार नाही. तिथे लॅपटॉपवरचं झाडच लागतं.

फाइलींच्या नावांबद्दल एक खास आपल्या लिपीतली अडचण सांगतो, कारण तिने माझा एक आठवडा खाल्ला. ‘कऱ्हाड’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात: कऱ्हाड, कर्‍हाड. संगणकाला ते वेगळे शब्द. माझ्याकडे एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी उभे होते आणि सॉफ्टवेअर म्हणत होतं फाइल सापडत नाही. गोऱ्हे, तऱ्हा, दऱ्या, वाऱ्यावर, सगळीकडे हेच. शिवाय जुन्या मॅकची डिस्क असा ‘ऱ’ तोडून ‘र’ आणि नुक्ता (खालचं टिंब) असे वेगळे साठवायची. तिथे बांधलेली झिप फाइल विंडोजवर उघडली की तिसराच प्रकार.

आकड्यांचंही तसंच. काही फाइलींना देवनागरी आकडे आणि काहींना इंग्रजी दिले तर यादीत दोन वेगळे गठ्ठे पडतात, ४१७ नंतर ४१८ येत नाही. माझा सल्ला: फाइलचं आणि फोल्डरचं नाव रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे आणि खालची रेघ एवढ्यातच ठेवा, नावात मोकळी जागाही नको. मराठीत जे लिहायचं ते ग्रॅम्प्समधल्या शीर्षकात आणि टिपणात भरपूर लिहा. ते डेटाबेसमध्ये सुरक्षित राहतं.

---

मोडीवाचक

इथे मी असहमत. उद्या ग्रॅम्प्स नसेल, मी नसेन, आणि नातवाच्या हातात नुसता फोल्डर पडेल. त्याला नावावरून कळलं पाहिजे की हा पणजोबांचा शाळेचा दाखला आहे. नुसतं ४१७ वरून काय कळणार?

---

टर्मिनलवाला

काका, मुद्दा बरोबर आहे. मग असं करूया: फाइलचं नाव रोमनमध्ये, आणि प्रत्येक फोल्डरात एक मजकूर-फाइल, ‘यादी’. तिच्यात क्रमांक आणि पुढे मराठीत पूर्ण वर्णन. साधी मजकूर-फाइल पन्नास वर्षांनीही उघडेल.

---

मोडीवाचक

यादी मान्य. ती छापून त्या-त्या पेटीतही ठेवावी.

---

पारंबी

मंडळी, महिन्याभराने लिहिते आहे, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सात नावं मिळाली. टर्मिनलवाला दादांनी सांगितलं तसंच झालं होतं. डेटाबेसच्या फोल्डरात लॅपटॉपचं नाव जोडलेली दुसरी फाइल होती, २३ फेब्रुवारीची. वेगळं झाड म्हणून उघडली. फिल्टरने ३७ माणसं दिली: आत्याने सांगितलेली सात, त्यांची मुलंबाळं, आणि मी तिथे बसून दुरुस्त केलेली काही. यादी छापली आणि मी एकेक नाव वाचलं, दादाने नागपूरहून व्हिडिओ कॉलवर ताडून पाहिलं. पणजीच्या धाकट्या बहिणीचं नाव यमुना होतं. मी विसरलेच होते. शेजारी मी टिपण लिहिलं होतं, ‘आत्या म्हणते, हिच्या हातच्या सांदणांची आठवण सगळे काढत.’ तेही तसंच परत आलं.

कागद मोडीवाचक काकांच्या पद्धतीने लावायला घेतले. आडनावांचे फोल्डर मोडले. सारख्या फाइली शोधल्या तेव्हा ६१२० फाइलींपैकी २३०० वर दुबार निघाल्या. पुसण्याआधी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती कपाटात ठेवली आहे, वर्षभर तिला हात लावणार नाही. आतापर्यंत ४८० कागदांना क्रमांक दिले. रोज संध्याकाळी दिवे लावले की वीस कागद, त्याहून जास्त नाही. याद्या मराठीत लिहिते आहे आणि छापूनही ठेवते आहे. फाइलींची नावं रोमनमध्ये, कारण आमच्या गावाच्या शेजारच्या वाडीच्या नावातच ‘ऱ’ आहे आणि माझ्याकडे खरोखरच त्याचे दोन फोल्डर निघाले.

चित्रांचे पत्ते सापेक्ष केले. लॅपटॉपवर रिकाम्या चौकोनांच्या जागी फोटो दिसले तेव्हा मी दादाला लगेच फोन लावला.

झाड फिरवायची पद्धत आम्ही आमची ठरवली. आमच्या कुलस्वामीच्या उत्सवाची पाळी चार घरांत फिरते. ज्या घराची पाळी, त्या घराकडे देवाच्या पेटीची किल्ली. उत्सव झाला की नग मोजून, वहीत लिहून, किल्ली पुढच्या घराकडे जाते. पाळी नसताना कुणी पेटी उघडत नाही. दादाला मी म्हटलं, झाडाचंही असंच करू. सामायिक फोल्डरात ‘पाळीपत्रक’ नावाची एक मजकूर-फाइल ठेवली आहे. ज्याची पाळी त्यानेच झाड बदलायचं. झालं की निर्यात करायची, तारखेची फाइल फोल्डरात ठेवायची, पाळीपत्रकात एक ओळ लिहायची आणि दुसऱ्याला फोन करायचा. पुढच्याने नव्या रिकाम्या झाडात ती आयात केल्यावर व्यक्तींची संख्या मोजायची, पत्रकातल्या आकड्याशी जुळली तरच काम सुरू करायचं. पाळी नसताना काही सापडलं तर ते ‘लागायचं आहे’ मध्ये. अमेरिकेतली बहीण रूट्समॅजिकमधून यूटीएफ-८ जेडकॉम पाठवते. ती आम्ही सरळ आयात करत नाही, वेगळ्या झाडात उघडतो आणि पाहून हाताने भरतो.

परसदार, तुमचं वाचून दोन चुलत पुतण्यांची आधार कार्डं फोल्डरातून काढली. तिथे ती कशी आली ते आठवतही नाही.

@मोडीवाचक काका, एक विचारायचं राहिलं. बाबांच्या वहीला क्रमांक १ दिला आणि पानं १ ते २०० अशी स्कॅन केली. पण मधे नऊ सुटी चिटोरं आहेत, कुणाच्या तरी हातची, मोडीत. त्यांना वहीचाच क्रमांक द्यायचा की वेगळा?

---

मोडीवाचक

वेगळा क्रमांक द्या, आणि यादीत लिहा की कोणत्या दोन पानांच्या मधे सापडलं. चिटोरं जिथे आहेत तिथून हलवण्याआधी वही तशीच उघडी ठेवून एक फोटो काढा. ती त्या पानाशी का ठेवली होती हे वाचल्यावरच कळेल. वाचताना अडलं तर इथे टाका, बघतो. हयातांची नावं असतील तर झाकून टाका.

---

पारंबी

अजून हलवलेली नाहीत. आज फोटो काढते.

पाळीपत्रकातली ताजी ओळ इथे देते, उंबरठा यांनी निरोपातून नमुना मागितला होता म्हणून:

‘पुणे. व्यक्ती ११७१. यमुना व तिच्या बहिणी परत आल्या. सांदणाचं टिपण तपासलं. कागद ४८० पर्यंत. पाळी नागपूरला.’